‘आयडल’ म्हणजे आळशी की रिकामा?

आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांची मुले हल्ली पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु परक्या शब्दाबरोबर त्याच्या पोटातला निवाडाही घरात शिरतो, इकडे आईबापांनी लक्ष दिले पाहिजे. ‘आयडल’ हा असाच एक लहानसा शब्द. मूर्ती किंवा लोकांचा लाडका गवई या अर्थाचा दुसरा ‘आयडल’ उच्चाराने सारखा असला, तरी त्याची अक्षरे व कूळ निराळे आहे. मुलांच्या वहीत आमच्या या ‘आयडल’पुढे बहुधा ‘आळशी’ एवढेच लिहिलेले आढळते. हा अर्थ अपुरा आहे, आणि कष्टकऱ्यांच्या घरात तो तसाच राहू देणे घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ रिकामा, पोकळ असा होता. सुमारे हजार वर्षांपूर्वी बायबलातील उत्पत्तीची कथा इंग्रजीत उतरविली गेली, तीत आरंभीची पृथ्वी ‘आयडल’ म्हटली आहे. पृथ्वी आळशी होती असा याचा अर्थ कोण शहाणा करील? ती ओसाड होती, एवढेच. आजही बंद पडलेला माग, तिजोरीत पडून राहिलेला पैसा, जागच्या जागी धडधडणारे इंजिन, पोकळ धमकी व वायफळ गप्पा या सर्वांस हेच विशेषण लावतात. ज्यास अंग हलविण्याचा कंटाळा, त्याच्यासाठी ‘लेझी’ हा वेगळा शब्द इंग्रजांपाशी आहे. गिरणीला कुलूप लागले की कामगार ‘आयडल’ होतो. तेवढ्याने तो ‘लेझी’ ठरत नाही.

मग रिकामेपणाचा अपराध कोणी केला? इंग्लंडातील कायद्यांकडे पाहावे. १३४८ साली तेथे प्लेगची साथ आली व माणसे पटापट मेली. मजूर थोडे उरले, तेव्हा ते साहजिकच जास्त मजुरी मागू लागले. लगेच १३४९ साली राजाचा हुकूम निघाला की, ज्याला जमीन वा धंदा नाही अशा साठ वर्षांखालील प्रत्येक धडधाकट स्त्रीपुरुषाने साथीपूर्वीच्या मजुरीवर राबलेच पाहिजे. १५४७ च्या कायद्याने तर कहर केला. काम न करता भटकणाऱ्याच्या छातीवर तापल्या लोखंडाने डाग देऊन त्यास दोन वर्षे गुलाम करण्याची मुभा दिली! तो कायदा १५५० साली रद्द झाला. पुढे १८२४ च्या कायद्याने ‘आयडल व बेशिस्त’ असा गुन्हेगारांचा वर्गच ठरविला. त्यात परवान्याशिवाय हिंडून माल विकणारा फेरीवालाही घातला. डोक्यावर गाठोडे घेऊन दिवसभर पायपीट करणारा ‘आयडल’, आणि कुळांच्या खंडावर बसून खाणारा जमीनदार मात्र सभ्य गृहस्थ! हा न्याय कोणाच्या सोयीचा, हे सांगणे नलगे.

आमच्या मायबोलीने हा घोटाळा केलेला नाही. रिकामा, आळशी व ऐतखाऊ ही तीन माणसे तिने तीन ठिकाणी बसविली आहेत. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण कारागिराची थट्टा करते खरी. पण तीतला न्हावीही आळशी नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून तो रिकामा आहे, आणि हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून भिंतीशी लागला आहे. पाऊस पडून गेल्यावर वाफसा येईपर्यंत शेतकरी पाभर उभी करून ठेवतो, भट्टी निवेपर्यंत कुंभार थांबतो. हे थांबणे कामाचाच भाग आहे. बांधावर न आलेला माणूस त्यास आळस म्हणेल.

परंतु शब्द मायबोलीत नीट असले, तरी कायदा नीट होतोच असे नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने, उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसून भीक मागून जगत असावा अशा रीतीने हिंडणाऱ्यासही भिकाऱ्यांत धरले. दिल्लीस लागू केलेल्या याच कायद्याची अनेक कलमे तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविली. उलट १९७२ च्या दुष्काळाचे उदाहरण घ्या. पेरण्या बुडाल्या, शिवारे ओस पडली. तेव्हा लाखो बायाबापड्या खडी फोडावयास कामावर आल्या. त्यांस आळशी कोण म्हणेल? ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व महाराष्ट्राने पत्करले व १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. येथे रिकाम्या माणसास शिक्षा नाही. त्याच्या हातास काम देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. खरा मार्ग हाच.

म्हणून बांधवांनो व भगिनींनो, आज रात्री मुलाची वही उघडून पाहा. ‘आयडल’पुढे नुसते ‘आळशी’ असेल, तर त्याच्या आधी ‘रिकामा’ हा शब्द लिहावयास सांगा. आणि उद्या कोणी तुमच्या बेकार पोरास त्या नावाने हिणविले, तर त्याचे काम कोणी व कशाने काढून घेतले, हे त्यास विचारावयास कचरू नका.