फोनवर चालणारा मायक्रोवेव्ह घ्यावा काय?



बोनसचा महिना आला की घराघरांत नव्या वस्तूची चर्चा सुरू होते. पूर्वी ती मिक्सर आणि फ्रीजची असे. आता शाहूपुरीच्या गल्ल्यांतही मुले-मुली 'स्मार्ट मायक्रोवेव्ह' म्हणू लागली आहेत. फोनवरून चालतो, बोलून सांगितले की ऐकतो, घरातले दिवे-पंखे जसे आवाजावर चालतात तसाच हाही चालतो, असे दुकानदार सांगतो. हौसेला आमचा विरोध नाही. पण कष्टाचा पैसा घालण्यापूर्वी वस्तू समजून घ्यावी, एवढेच या सदराचे म्हणणे असते.

हे यंत्र तसे नवे नाही. १९४५ साली अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉन नळीवर काम करताना पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील गोळी वितळली आणि त्यातून हा ओव्हन जन्मला, असे सांगतात. आजही आत तीच नळी असते. तिच्यातून निघणाऱ्या लहरी अन्नातील पाण्याला तापवतात. बटण बंद झाले की लहरीही बंद होतात. अन्नात त्या मागे राहत नाहीत, त्यामुळे ती भीती नको. मात्र दार वाकलेले असेल किंवा नीट बसत नसेल तर ओव्हन वापरू नये.

आता 'स्मार्ट' म्हणजे काय ते पाहू. ओव्हनमध्ये वायफाय बसवलेले असते. त्यामुळे फोनवरून वेळ लावता येते, बंद करता येतो, काम झाल्याचा निरोप येतो. काही ओव्हन अलेक्सा किंवा गुगलच्या स्पीकरशी जोडता येतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी जुळाव्यात म्हणून 'मॅटर' नावाचे एक मानक निघाले आहे. त्यात मायक्रोवेव्हचा समावेश २०२४ च्या मे महिन्यात झाला. म्हणून खोक्यावर नुसते 'स्मार्ट' छापलेले पाहून भुलू नये. आपल्या घरी जो स्पीकर किंवा जे अ‍ॅप आहे त्यावर हाच मॉडेल नंबर चालतो काय, हे दुकानातच चालवून दाखवायला सांगावे. अलेक्साला २०१९ पासून हिंदी समजते. आपल्या घरातल्या आजीला कोणती भाषा सोपी जाते, तेही पाहावे. तिला सांगता आले नाही तर बोलका ओव्हन मुकाच.

सर्वांत मोठा गैरसमज असा की, कामावरून निघताना फोन दाबायचा आणि घरी पोचेपर्यंत जेवण गरम. पण ताट आत कोण ठेवणार? फोन ठेवत नाही, हातच ठेवतो. सकाळी आठला भात-आमटी आत ठेवून शिरोली एमआयडीसीतून संध्याकाळी सहाला फोन दाबला, तर ते अन्न दहा तास उबेत पडून राहिलेले असते. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळ्यात तर त्याहूनही जपावे. शिळ्या भातातील काही जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून लांबून सुरू करण्याची सोय आपल्या जेवणाला फारशी उपयोगी नाही. पुष्कळ कंपन्या सुरक्षिततेसाठी आधी ओव्हनवरचे बटण दाबायला लावतात, ते वेगळेच.

काही जण स्वस्तातला उपाय सुचवतात. साधा, फिरत्या खटक्याचा ओव्हन घ्या आणि त्याला स्मार्ट प्लग लावा. हे करू नये. खटका चालू स्थितीत राहिला आणि प्लग लांबून सुरू झाला, तर आत काही नसतानाही ओव्हन चालू होतो. रिकामा चालला तर नळी खराब होऊ शकते. आत चुकून स्टीलचा डबा राहिला असेल तर ठिणग्या उडतात.

आता हिशेब मांडू. साधा, म्हणजे 'सोलो' ओव्हन सुमारे १२०० वॅट वीज घेतो असे धरा. रोज २० मिनिटे चालवला तर ०.४ युनिट, म्हणजे महिन्याला १२ युनिट. वायफायचा ओव्हन बंद असतानाही जागा असतो. तो ३ वॅट घेतो असे धरले तर महिन्याला आणखी दोन युनिट. हे १४ युनिट थोडे वाटतात. पण महावितरणचा दर १०० युनिटांच्या पुढे चढतो. ज्यांचे बिल ९० युनिटांवर थांबते, त्यांचे पुढचे चार युनिट चढ्या दरात जातील. २०१९ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने मायक्रोवेव्हसाठीही ताऱ्यांचे लेबल आणले आहे. ते असल्यास वाचावे.

दुसरा खर्च इंटरनेटचा. वायफाय घरी नसेल आणि घरधन्याच्या फोनच्या हॉटस्पॉटवर सगळे चालत असेल, तर फोन कामावर गेला की ओव्हनचे शहाणपणही त्याच्याबरोबर गेले. वायफायचे महिन्याला ४०० रुपये धरले तरी वर्षाचे ४८०० होतात. केवळ ओव्हनसाठी हा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

तिसरा खर्च हप्त्यांचा. 'बिनव्याजी हप्ते' हा शब्द ऐकून सही करू नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. व्याज किमतीत लपवलेले असते किंवा रोखीची सवलत काढून घेतलेली असते. प्रक्रिया शुल्क वेगळे. क्रेडिट कार्डावर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही लागतो. रोख किंमत आणि हप्त्यांची बेरीज कागदावर शेजारी शेजारी लिहावी. फरक आपोआप दिसतो.

घरातली वायरिंगही पाहावी. १२०० वॅटला पाच अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. केक-बिस्किटे भाजणारा कन्व्हेक्शन ओव्हन २२०० वॅटचा असेल तर साडेनऊ अँपिअर. आपल्या जुन्या घरांतला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. तेव्हा वायरमनकडून अर्थिंगसह १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट करून घ्यावा. मल्टिप्लगवर ओव्हन चालवू नये.

मग कोणी काय घ्यावे? सगळे एका वेळी जेवत असतील तर गॅसची शेगडी पुरेशी आहे. भाकरी काही यात होत नाही. घरातली माणसे वेगवेगळ्या पाळ्यांत येत असतील तर साधा सोलो ओव्हन खरोखर उपयोगी पडतो. फ्रीजमधला डबा काढून रस्सा वाफ येईपर्यंत गरम करायला कोणालाही जमते. घरात कोणाची नजर अधू असेल, वायफाय आधीपासून असेल, तर बोलून वेळ लावणारा ओव्हन त्या माणसाला स्वावलंबी करू शकतो. तिथे स्मार्टचे जादा पैसे सार्थकी लागतात.

घेताना पक्के बिल घ्यावे. दुरुस्तीचा माणूस कोल्हापुरात आहे की पुण्याहून येतो, मॅग्नेट्रॉनची हमी किती वर्षांची, अ‍ॅप किती वर्षे चालेल, हे विचारून उत्तर लिहून मागावे. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

शेवटी एक विचार. रात्रपाळीहून नवरा किंवा मुलगा आला की ताट गरम करायला झोपेतून उठते ती घरची बाईच. ओव्हन आल्यावरही तीच उठणार असेल, तर यंत्र कितीही हुशार असले तरी तिच्या वाट्याला काय आले? जो उशिरा येईल त्याने आपले ताट आपण गरम करून घ्यावे आणि जेवून भांडे विसळून ठेवावे. ही सवय आधी घरात आणावी. मग ओव्हन साधा असला तरी चालेल.