मुखप्रक्षालनातील प्लॅस्टिक

तोंड धुण्यासाठी मिळणाऱ्या कित्येक लेपांत मोहरीहूनही बारीक, गोल व गुळगुळीत असे कण घातलेले असत. ते चेहऱ्यावर चोळले असता त्वचेवरील मृत पेशी निघून जातात व कांती तजेलदार दिसते, अशी त्यांची ख्याती. हे कण बहुधा पॉलिथिलीनचे, म्हणजे ज्या पदार्थाच्या पिशव्यांतून आपण बाजारातून भाजी आणतो त्याच पदार्थाचे असत, ही गोष्ट मात्र फार थोड्या घरांत ठाऊक होती. अनेक देशांनी त्यांवर आता बंदी घातली आहे. तरीही या प्रकरणाचा विचार संपला, असे आम्हांस वाटत नाही.

पॉलिथिलीनविषयी आमच्या मनात आकस नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. बडोद्याच्या विद्यार्थ्यांच्या मनात तो असण्याचे कारणही नाही. 1969 साली स्थापन झालेल्या आणि 2007 साली रिलायन्समध्ये विलीन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचा कारखाना आमच्याच शहराजवळचा. तेथे पॉलिथिलीन तयार झाले व त्यावर येथील कित्येक घरांच्या चुली पेटल्या. हा पदार्थ जन्मला तोही अवचितच. 1933 साली इंग्लंडमध्ये गिब्सन व फॉसेट हे दोन रसायनज्ञ एथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन प्रयोग करीत असता भांड्यात मेणासारखा पांढरा थर आढळला, तोच हा. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांना त्याचे आवेष्टन मिळाले. पाणी, आम्ल, जीवाणू यांपैकी कोणालाही तो सहजी दाद देत नाही. तारेच्या आवेष्टनास हा गुण हवाच. परंतु जो कण अर्धा मिनिट गालावर फिरून मोरीत जावयाचा, त्याला चिरंजीवित्व कशासाठी? आमचा सारा आक्षेप या विसंगतीला आहे.

मोरीतून तो जातो कोठे, हेही पाहू. सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात बहुतेक कण गाळात अडकतात. पण तोच गाळ खत म्हणून शेतात पडला की कण मातीत मिसळतात. जे निसटतात ते नदीला मिळतात, आणि पाण्याहून हलके असल्याने तरंगत दूरवर जातात. आमची विश्वामित्री तिच्या मगरींसाठी प्रसिद्ध आहे. तिचे पाणी शेवटी खंभातच्या आखातात पोचते, हे आपण भूगोलात शिकतो व विसरतो. समुद्रात लहान मासे व शिंपले असे कण अन्न समजून गिळतात. एका वेळच्या तोंड धुण्यात 4,594 पासून 94,500 पर्यंत कण वाहून जाऊ शकतात, असा अंदाज इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केला. त्याआधी 2012 साली अमेरिकेतील महासरोवरांच्या पृष्ठभागावरून जाळी ओढली, तेव्हा असेच गोल कण हाती आले होते. त्याच वर्षी, 2015 च्या डिसेंबरात, अमेरिकेने बंदीचा कायदा केला. ब्रिटनची बंदी 2018 ची. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही 2017 साली असे अविघटनशील कण प्रसाधनांत वापरण्यास असुरक्षित ठरविले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या 2017 च्या अहवालानुसार समुद्रात जाणाऱ्या मूळच्याच सूक्ष्म प्लॅस्टिकपैकी सुमारे 35 टक्के कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांच्या धुण्यातून व 28 टक्के वाहनांच्या टायरांच्या झिजेतून येते. प्रसाधनांचा वाटा अवघा 2 टक्के. मग एवढा गहजब कशाला? आमचे उत्तर असे की, टायर झिजतो तो नाइलाजाने, आणि टायरावाचून गाडी चालत नाही. हा कण मात्र कोणीतरी बुद्ध्या घातलेला आहे, आणि त्याच्यावाचून कोणाचेही तोंड अस्वच्छ राहिलेले नाही. मसुराचे पीठ, डाळीचे पीठ, संत्र्याच्या सालीची पूड, दिवाळीचे उटणे, हे सारे घरात आहेच. (अक्रोडाच्या कवचाचा चुरा मात्र टोकदार असतो व नाजूक त्वचेस ओरखडे काढू शकतो, जुने ते सारेच निर्दोष, असे आमचे म्हणणे नाही.)

युरोपीय संघाने 2023 साली असे घासणारे कण तत्काळ वर्ज्य केले. धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांतील इतर सूक्ष्मकणांना 2027 पर्यंत, अंगावर राहणाऱ्यांतील कणांना 2029 पर्यंत आणि ओठ, नखे व चेहरा रंगविण्याच्या द्रव्यांतील कणांना 2035 पर्यंत मुदत दिली. कारखानदारांस इतका अवधी लागत असेल; घराला तो लागू नये. बाटलीवरील बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचावी, आणि तीत ‘पॉलिथिलीन’ हा शब्द असल्यास बाटली दुकानदारास परत करून कारणही सांगावे. मात्र ‘पॉलिथिलीन ग्लायकॉल’ ही वस्तू निराळी. ती पाण्यात विरघळते. दाटपणासाठी घातलेला ‘कार्बोमर’ हाही कृत्रिम बहुवारिकच, पण तो पाणी शोषून फुगतो, कणाकणाने तरंगत नाही. नावे सारखी किंवा परकी दिसली म्हणून त्यांवर रोष करण्याचे कारण नाही.