सीमाभागातील बससेवा सुधारण्याबाबत आणि तिला स्वतंत्र निधी देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूर

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, बेळगाव

माहितीसाठी व कार्यवाहीसाठी प्रत : मा. व्यवस्थापकीय संचालक, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ, हुबळी; मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई; मा. विभाग नियंत्रक, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, कोल्हापूर

विषय : निपाणी, चिकोडी, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील बसफेऱ्या, आंतरराज्य सवलती व सीमावर्ती मार्गांच्या तोट्याची भरपाई.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे या भागातील रोजचे प्रवासी आहोत. विद्यार्थी, कारखान्यांतील कामगार, विडी वळणाऱ्या बाया, भाजीवाले, औषधोपचारासाठी जाणारे वृद्ध, असे सारे आमच्यात आहेत. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबद्दल या निवेदनात एकही मागणी नाही. आमचे म्हणणे फक्त गाडीबद्दल आहे.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर आहे, तर आमचे जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव 70 किलोमीटरच्या पुढे. शहराला रेल्वे नाही. मिरज–बेळगाव लोहमार्ग पूर्वेकडून, चिकोडी रोड आणि रायबागवरून जातो. त्यामुळे ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्याला बस किंवा वडाप (खासगी जीप), तिसरा पर्याय नाही. आणि माणसे ज्या दिशेने जातात ती दिशा राज्याच्या नकाशाप्रमाणे ठरलेली नाही. निपाणीला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीतला मुलगा घरापासून कॉलेजात जातो तेव्हा तो राज्य ओलांडतो. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आणि गोकुळ शिरगावात आमच्या गावांतील तरुण पाळीला जातात. बोरगाव, माणकापूर, कारदगा या पट्ट्याचा व्यवहार इचलकरंजीशी आहे. उलट चंदगड तालुक्यातले लोक बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावात येतात, आणि शिनोळीच्या कारखान्यांत बेळगाव तालुक्यातले कामगार जातात. सोयरीक तर दोन्हीकडे आहेच.

हे नवे नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि बेळगाव–कोल्हापूर ही एकाच राज्यातली वाट होती. राज्ये बदलली, पुढे महामंडळे बदलली. 1997 साली हुबळीला मुख्यालय असलेले वायव्य कर्नाटक महामंडळ स्वतंत्र झाले. वाट मात्र तीच राहिली. आज त्या वाटेवर दोन महामंडळांची दोन वेळापत्रके आहेत, दोन प्रकारचे पास आहेत, दोन प्रकारच्या सवलती आहेत, आणि एकाला दुसऱ्याची गाडी कधी सुटते याच्याशी देणेघेणे नाही.

सवलतींचेच पाहा. आपल्या सरकारने 11 जून 2023 पासून महिलांना मोफत बसप्रवास देणारी शक्ती योजना सुरू केली. तिच्या प्रवासांचा आकडा जुलै 2025 मध्ये 500 कोटींवर गेला. या योजनेने आमच्या घरांतल्या बायकांना बाहेर पडण्याचे बळ दिले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. विडी कारखान्यात माल पोचवणारी बाई महिन्याकाठी जे वाचवते ते तिच्या हातात राहते. पण योजना राज्यांतर्गत प्रवासापुरती आहे. महाराष्ट्राची एसटी महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मे भाडे आकारते, 75 वर्षांवरील ज्येष्ठांना फुकट नेते, आणि ही सवलत आंतरराज्य गाडीतही आपल्या हद्दीपर्यंत देऊन पुढच्या टप्प्याचे पूर्ण भाडे घेते. म्हणजे एका तिकिटाचे हद्दीवर दोन भाग करणे तिकीट यंत्राला अवघड नाही. युरोपातल्या लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाने 2020 मध्ये सगळी सार्वजनिक वाहतूक मोफत केली तेव्हा शेजारच्या देशांतून रोज येणाऱ्या नोकरदारांसाठी हाच मार्ग काढला : देशात फुकट, हद्दीबाहेर तिकीट. म्हणून आमची मागणी अशी की वायव्य कर्नाटक महामंडळाच्या प्रत्येक आंतरराज्य साध्या व जलद गाडीत कोगनोळी, शिनोळी अशा हद्दीच्या थांब्यापर्यंत झिरो (शून्य भाड्याचे) तिकीट आणि पुढे भाडे, असा लेखी आदेश काढावा आणि तो कन्नड व मराठीत प्रत्येक आगारात, स्टँडवर लावावा. आदेश भिंतीवर असला की वाहक आणि प्रवासी यांच्यात हुज्जत होत नाही.

विद्यार्थ्यांच्या पासबद्दल याहून सोपी गोष्ट मागतो. एका महामंडळाचा पास दुसऱ्याच्या गाडीत चालत नाही. निपाणी–कागल–कोल्हापूर, निपाणी–मुरगूड, बोरगाव–इचलकरंजी, संकेश्वर–गडहिंग्लज, बेळगाव–शिनोळी–चंदगड या पाच मार्गांवर दोन्ही पास परस्परांना मान्य करावेत आणि हिशेब महिन्याच्या शेवटी महामंडळांनी आपसांत मिटवावा. मुलाने गाडीचा रंग बघून हात दाखवायचा की नाही हे ठरवावे, ही वेळ आणू नये.

याला कायद्याची आडकाठी नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 88 मध्ये दोन राज्यांनी परस्पर करार करून परवान्यांची संख्या ठरवण्याची तरतूद आहे. मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, एवढेच. मार्ग परिवहन महामंडळ कायदा, 1950 चे कलम 20 एका राज्याच्या महामंडळाला दुसऱ्या राज्याच्या भागात सेवा वाढवू देते. आणि व्यवहारात ही दोन्ही महामंडळे एकमेकांना चांगली ओळखतात. सौंदत्तीच्या रेणुकेच्या यात्रेला कोल्हापूरहून एसटीचे ताफेच्या ताफे येतात. यात्रेसाठी जे जमते ते सोमवारी सकाळी सातच्या पाळीसाठी का जमू नये, याचे उत्तर आम्हाला आजवर कोणी दिलेले नाही.

आता पैशाबद्दल, कारण खरी गाठ तिथे आहे. आगार व्यवस्थापकाला फेरी वाढवा म्हटले की तो किलोमीटरमागचे उत्पन्न दाखवतो. त्याचे चूक नाही. त्याला तोच हिशेब मागितला जातो. गावची गाडी सकाळी भरून येते आणि दुपारी रिकामी फिरते, मग दुपारची फेरी कापली जाते, मग माणसे वडापकडे वळतात, मग सकाळची गाडीही अर्धी होते आणि शेवटी तीही बंद पडते. वडापवाल्यांवर आमचा राग नाही, तेही आमच्यातलेच. पण जीपमध्ये टपापर्यंत माणसे भरलेली असताना त्याला खेड्याची वाहतूक व्यवस्था म्हणणे ही थट्टा आहे. 5 जानेवारी 2025 पासून कर्नाटकच्या गाड्यांचे भाडे 15 टक्क्यांनी वाढले. एसटीनेही त्याच महिन्यात जवळपास तेवढीच वाढ केली. भाडेवाढीचा बोजा पुरुष प्रवाशांवर, आणि आंतरराज्य प्रवासात बायकांवरही, पडला. फेऱ्या मात्र त्या प्रमाणात वाढलेल्या आम्हाला दिसत नाहीत. थकलेल्या वेतनफरकासाठी कर्नाटकच्या परिवहन कर्मचाऱ्यांनी 5 ऑगस्ट 2025 रोजी संप पुकारला, तेव्हा स्टँडवर ताटकळलेले आम्हीच होतो, तरी त्यांची मागणी आम्हाला गैर वाटली नाही.

म्हणून, शक्ती योजनेच्या झिरो तिकिटांची रक्कम महामंडळाला दर महिन्याला, पूर्ण आणि ठरल्या तारखेला द्यावी. त्याशिवाय चिकोडी आणि बेळगाव विभागांतील सीमावर्ती व जंगलपट्टीच्या मार्गांचा तोटा ‘सार्वजनिक सेवेचा खर्च’ म्हणून अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली दाखवावा, म्हणजे त्या फेऱ्या उत्पन्नाच्या निकषावर कापता येणार नाहीत. केंद्राची पीएम ई-बस सेवा 10,000 गाड्यांची आहे, पण ती शहरांसाठी. बेळगाव शहराला तिच्यातून नव्या गाड्या मिळाल्या तर शहरातल्या मोकळ्या होणाऱ्या डिझेल गाड्या इतर जिल्ह्यांत न हलवता निपाणी, संकेश्वर आणि खानापूर आगारांना द्याव्यात.

खानापूरबद्दल दोनच ओळी. जांबोटी, कणकुंबी आणि भीमगड अभयारण्यालगतच्या गावांना पावसाळ्यात एक मुक्कामी गाडी म्हणजे दवाखाना, शाळा आणि बाजार तिन्ही. मोठी गाडी चालत नसेल तिथे मिनीबस द्यावी.

शेवटची मागणी अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. डिसेंबर 2022 मध्ये सीमावादावरून गाड्या अडवल्या गेल्या. 21 फेब्रुवारी 2025 रोजी बेळगाव तालुक्यात कर्नाटकच्या बसच्या वाहकाला मारहाण झाली आणि चित्रदुर्गजवळ एसटीच्या चालकाला काळे फासले गेले. दोन्ही प्रकारांचा आम्ही सारखाच निषेध करतो. वाहक-चालक कोणत्याही भाषेचा असो, तो आम्हाला पोचवणारा माणूस आहे. पण अशा प्रत्येक वेळी पहिला निर्णय गाड्या बंद करण्याचा होतो आणि त्याची शिक्षा डायलिसिसच्या रुग्णाला, परीक्षार्थीला आणि रोजंदारीवाल्याला भोगावी लागते. बेळगाव व कोल्हापूरच्या पोलीस अधीक्षकांनी आणि दोन्ही विभाग नियंत्रकांनी मिळून आधीच आराखडा तयार ठेवावा : तणावाच्या काळात प्रत्येक महामंडळ आपापल्या बाजूने कोगनोळी व कागलपर्यंत बंदोबस्तात गाड्या चालवील आणि मधल्या तुकड्यासाठी दोघांच्या संमतीची जोडगाडी राहील. मार्गफलकांवर कन्नडबरोबर मराठी नाव आणि इंग्रजी अंकांत मार्गक्रमांक असेल, तर रोजच्या अर्ध्या वादांना निमित्तच उरणार नाही.

हे निवेदन मिळाल्यापासून 30 दिवसांत दोन्ही महामंडळांच्या अधिकाऱ्यांची संयुक्त बैठक निपाणी बसस्थानकात, प्रवाशांना बोलावून घ्यावी, ही विनंती. बैठक झाली नाही तर बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरणाऱ्या पुढील अधिवेशनाच्या वेळी आम्ही बसनेच तेथे येऊन शांततेने धरणे धरू.

कळावे.

आपले,
निपाणी, चिकोडी, बेळगाव व खानापूर परिसरातील प्रवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)