पोर्ट आणि सिगार : अभिरुची की जकात?

जेवणानंतर पोर्ट वाइन आणि सिगार ही जोडी इंग्रजी अभिरुचीचा कळस मानली जाते. माझ्या मते ती रुचीपेक्षा जकातीची आणि युद्धाची निर्मिती आहे.

१७०३च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज वाइनवरील जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठरवली. साहजिकच दोरू नदीच्या खोऱ्यातील पोर्ट इंग्रजांच्या मेजावर स्थिरावली. पुढे १८०८ ते १८१४ या काळात स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढलेल्या ब्रिटिश सैनिकांनी सिगारची सवय मायदेशी नेली. हवाना सिगारचा तंबाखू ज्या क्यूबात पिके, तिथे गुलामगिरी १८८६पर्यंत टिकली.

म्हणून मित्रहो, एखाद्या परंपरेचे गोडवे ऐकताना आधी विचारावे : तिची किंमत कोणी मोजली?