पायांवर उभी भिंत

समोरच्या इमारतीतून थेट आपल्या घरात दिसते, ही शहरातली जुनी तक्रार. तिच्यावरचे आपले उपायही ठरलेले आहेत. गॅलरीला हिरवी जाळी, बंगल्याच्या कुंपणावर पत्रे, सोसायटीच्या हद्दीलगत खोट्या अशोकाची दाट रांग. नजर अडते, पण खालच्या मजल्यांचा वारा आणि उजेडही अडतो. आडोसा हवा असतो वरच्या मजल्याच्या खिडकीपाशी. आपण मात्र जमिनीपासून सगळे बुजवत जातो.

नेदरलँड्सच्या उत्तर ब्राबांटमधल्या शेतकऱ्यांनी नजरेसाठी नव्हे तर उन्हासाठी, पण आडोसा नेमका वरच धरणारा, फार शहाणपणाचा तोडगा काढला होता. लांबट शेतघरांच्या दक्षिण बाजूला ते लिंडेनची झाडे ओळीने लावत. खालून माणूस जाईल एवढे खोड मोकळे ठेवायचे. त्यावरच्या फांद्या चौकटीला आडव्या बांधायच्या, शेजारच्या झाडाच्या फांद्यांत गुंफायच्या आणि पुढे-मागे येणारा फुटवा दरवर्षी काढून टाकायचा. उभी राहते ती पानांची सपाट भिंत, तीही पायांवर. उन्हाळ्यात तिची सावली घरावर पडते. हिवाळ्यात पाने झडली की ऊन आत येते. इंग्लंडमध्ये लॉरेन्स जॉन्स्टन यांनी हिडकोटच्या बागेत हॉर्नबीमच्या अशाच भिंती घडवल्या, आणि त्या पाहायला आजही लोक जातात. पण ती हौस झाली. शेतकऱ्याची भिंत घराचे काम करते, म्हणून ती अधिक पटते.

ती जशीच्या तशी इथे आणली तर मात्र फसेल. मेच्या मध्याला पुण्यात भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा उभ्या भिंतीचा, पानांची असो वा विटांची, काय उपयोग? आपल्याला छळते ते चारनंतर पश्चिमेकडून तिरपे घुसणारे ऊन. तेव्हा तिथल्या दक्षिणेच्या जागी इथे पश्चिम धरायला हवी. पानगळीचे गणितही उलटे. साग ऐन उन्हाळ्यात उघडा पडतो, म्हणजे सावली हवी तेव्हाच भिंतीला भोके. म्हणून बारमाही दाट पानांचा बकुळ किंवा चैत्राच्या सुमारास नव्या पालवीने भरणारा करंज, असे काही करून पाहावे लागेल. बकुळ सावकाश वाढतो हे खरे. घाई असेल त्यांच्यासाठी पत्रे आहेतच.

खरी अडचण झाडाची नाही, कात्रीची आहे. शहरात छाटणी म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर झाडाचे मुंडण. जाड फांद्या बुंध्यापाशी तोडायच्या, खुंट ठेवायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. वळण दिलेल्या झाडाला असा एकच हात फिरला तर अनेक वर्षांची मेहनत गेली. कायद्याचीही गंमत आहे. राज्याचा शहरी वृक्षसंरक्षणाचा कायदा 1975चा. त्याच्या छत्राखाली मुंबईत खासगी आवारातल्या झाडाच्या छाटणीलाही पालिकेची परवानगी काढावी लागते. दरवर्षी बोटाएवढा फुटवा खुडणाऱ्याने काय दरवर्षी अर्ज करायचा?

आणि ही कला आपल्याला परकी आहे असेही नाही. नाशिक-तासगावच्या द्राक्षबागेत वेगळे काय चालते? खोड वर नेऊन ओलांडे, म्हणजे वेलाच्या मुख्य फांद्या, तारेवर आडवे बांधायचे, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि काडीवर किती डोळे राखायचे याचा हिशेब. वेल वेगळा, झाड वेगळे; पण फांदी कोवळी असतानाच वळवायची, ही समज त्या हातांत आहे. शहरातल्या बागकामाच्या ठेकेदाराला मात्र हिरवळ कापायचे यंत्र आणि कुऱ्हाड यांच्यामधले काही ठाऊक नसते.

तेव्हा सोसायट्यांनी रोपे आणण्याआधी माणूस शोधावा. लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार होतो, तसा या भिंतीचाही करावा आणि तोही रोपे लावण्याच्या दिवसापासून. पालिकेने अशा झाडांची एकदा नोंद करून घ्यावी आणि ठरावीक जाडीपर्यंतच्या फुटव्याच्या छाटणीला कायमची मुभा द्यावी. जाड फांदीला हात लावणाऱ्याला खुशाल दंड करावा.