दुखऱ्या हातांचा शोध
मोबाइलच्या काचेवर दोन बोटं फाकवून नातवाचा फोटो मोठा करताना वेन वेस्टरमन कुणाला आठवत नाहीत. डेलावेअर विद्यापीठात संशोधन करताना टायपिंगने त्यांचे हात दुखायचे. मग प्राध्यापक जॉन इलायस यांच्यासोबत त्यांनी नुसत्या स्पर्शाने चालणारी पाटी घडवली, पेटंटं घेतली, ‘फिंगरवर्क्स’ कंपनी काढली. २००५ मध्ये ती अ‍ॅपलने विकत घेतली. बोट टेकताच काचेखालच्या इलेक्ट्रोडची विद्युतधारिता किंचित बदलते, मोबाइलच्या काचेची किमया हीच. इंडक्शन शेगडीवर दूध उतू गेलं की बटणं गोंधळतात तीही यामुळेच, कारण ओलाव्यालाही ती बोट समजतात. दृष्टिहीन माणसाला मात्र शेगडीच्या त्या गुळगुळीत काचेवर बटण सापडतच नाही. तिथे एक बारीकसा उंचवटा हवाच, जुन्या फोनच्या ५ आकड्यावर असायचा तसा.