‘ग्रामस्थांनी आग आटोक्यात आणली’ म्हणजे नेमकी कोणी?

वीस-बावीस वर्षं बातम्या लिहितोय. आगीच्या बातमीचं शेवटचं वाक्य मला झोपेतसुद्धा टाईप करता येईल: ‘ग्रामस्थांच्या प्रयत्नांनी आग आटोक्यात आली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.’ ऊस जळू दे, गोठा जळू दे, नाहीतर बाजारपेठेतलं कापडाचं दुकान, वाक्य तेच. गेल्या बुधवारी रात्री दोन वाजता ते वाक्य लिहायला बसलो आणि पहिल्यांदा वाटलं, हे ‘ग्रामस्थ’ म्हणजे कोण? आपण कधी विचारलंच नाही की.

झालं काय ते आधी सांगतो. बऱ्याच जणांनी व्हिडिओ बघितलेत, पण व्हिडिओत अर्धंच आलंय.

रात्री पावणेबाराला फोन आला. मळ्यातल्या वस्तीवर गोठा पेटला, शेजारी कडब्याची गंज, आणि गंजीला लागून घर. मी पोचलो तेव्हा पंचवीस-तीस पोरं आधीच तिथं होती. कोणी बोलावलं? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकानं टाकलं, दुसऱ्यानं ओरडत गल्लीतनं गाडी फिरवली. आपल्या गावानं ग्राम सुरक्षा यंत्रणेत नोंदणी केलेली आहे, एका फोनवर सगळ्या गावाचे फोन वाजतात. चोर आले की ती आपल्याला आठवते. आगीच्या वेळी कोणालाच आठवली नाही. मलाही नाही.

पहिलं काम बरोबर झालं. वायरमनला फोन करून लाईन बंद करून घेतली. पण लाईन बंद झाली तशी विहिरीवरची मोटरही बंद झाली. म्हणजे पन्नास फुटांवर पाण्यानं भरलेली विहीर, आणि पाणी वर यायला वाट नाही. आग विझवायची तर वीज तोडावी लागते आणि वीज तोडली की पाणी तुटतं. इतकी वर्षं आगी बघतोय, पण ही साधी गोष्ट त्या रात्री डोक्यात शिरली.

मग टँकर आला. लग्नाला, बांधकामाला पाणी घालणारा आपला नेहमीचा टँकरवाला, झोपेतनं उठून लुंगीवर आला. पाच हजार लिटर पाणी, पण टँकरला पंप नाही. मागं एक कॉक, तो सोडला की पाणी जमिनीवर. त्यामुळं पाच हजार लिटर पाणी बादल्या, कळश्या, घमेली, हाताला येईल त्यानं भरायचं आणि ओळ लावून पुढं द्यायचं. बायका ओळीत होत्या, सत्तरीतले एक तात्या ओळीत होते. गंज तेवढ्यानं विझत नसते. वरून विझल्यासारखी दिसते, आत धुमसत राहते. घर वाचलं ते एका द्राक्षबागायतदाराच्या ब्लोअरमुळं. सहाशे लिटरची टाकी ट्रॅक्टरला जोडून तो आला आणि घराच्या भिंतीवर, पत्र्यावर सलग फवारत राहिला. औषध फवारायचं यंत्र ते. करोनात ह्याच ब्लोअरनी गल्ल्या धुतल्या होत्या, आठवत असेल.

तालुक्याच्या ठिकाणचा बंब एक वाजायला पाच मिनिटं असताना पोचला. एकतीस किलोमीटर अंतर, वाटेत उसाच्या ट्रॉल्या, रस्ता कसा आहे तो तुम्हाला माहीत आहे. गाडीवरच्या लोकांना मी अजिबात दोष देत नाही. आल्याआल्या त्यांनी गंज उपसायला लावून तळापर्यंत विझवली, पहाटे चारपर्यंत हलले नाहीत. पण गोठा तोपर्यंत संपलेला होता.

आणि त्याच्या आधी केव्हातरी तो पोरगा आत गेला होता.

नाव लिहीत नाही, त्यानंच सांगितलंय. गॅरेजवर काम करतो, वय बावीस. गोठ्यात चार जनावरं दाव्याला बांधलेली, हंबरत होती. ह्यानं विळा घेतला आणि आत घुसला. दोन गाई आणि एक म्हैस बाहेर आली. वासराचं दावं कापताना वरचा पेटलेला वासा खाली आला. पोराचा डावा हात आणि पाठ भाजली. अंगात नायलॉनची जर्सी होती, क्रिकेटच्या टीमची. कपडा जळाला असता तर एक वेळ बरं, तो वितळून कातडीला चिकटला. डॉक्टर म्हणाले, सुती शर्ट असता तर निम्म्यावर भागलं असतं. हे सांगायला आपल्याला डॉक्टर लागला, कारण आग विझवायला जाताना अंगात काय घालावं हे ह्या गावात कोणी कोणाला कधी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. मी तिथं उभा होतो. गोठा इतक्या पत्र्यांचा, कडबा इतक्या पेंढ्या, वासरू एक, कुट्टी मशीन एक. सगळं रीतसर. पोराचं काय, म्हणून मी विचारलं. तर तो घरातला नाही, शेतमालक नाही, गडीसुद्धा नाही. तो तिथं ‘होता’ एवढंच. पंचनाम्यात त्याला रकाना नाही. लिहिणाऱ्यांची चूक म्हणत नाही मी, त्यांच्यासमोर जो कागद असतो तो ते भरतात. दवाखान्याचं बिल सध्या मित्रमंडळी क्यूआर कोड फिरवून भरताहेत.

आता मुद्द्यावर येतो. जगात असे देश आहेत जिथं ह्या पोरासारख्यांवरच अग्निशमन चालतं, आणि ते गरीब देश नाहीत. जर्मनीत साधारण एक लाखावरच्या शहरांनाच पगारी अग्निशमन दल ठेवावं लागतं. बाकी सगळीकडं गावातलेच सुतार, शिक्षक, शेतकरी गणवेश चढवून जातात. असे दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवक आहेत तिथं. आगीसाठी माणूस कामावरनं उठून गेला तर मालकाला सोडावंच लागतं, आणि त्या वेळेचा पगार मालकाला नगरपालिका भरून देते. चिलीत तर राजधानीपासून खेड्यापर्यंत सगळं दलच बिनपगारी, १८५१ साली व्हालपराइसो बंदरात सुरू झालं ते आजपर्यंत. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन अशी कंपनी काढली होती. आजही तिथं निम्म्याहून जास्त फायरमन स्वयंसेवक आहेत. ड्युटीवर मेला तर त्याच्या घरच्यांना केंद्र सरकार पैसे देतं, पगारी की बिनपगारी हे बघत नाही. तो कायदा १९७६ चा आहे.

सगळं छान आहे असंही नाही. तिथल्या गावांत पोरं शहरात चाललीत, स्वयंसेवक कमी होताहेत. होजपाईप घ्यायला तिथंही जेवणावळी करून वर्गणी गोळा करतात. वर्गणी म्हटल्यावर जरा आपलेपणा वाटला.

फरक हिमतीचा नाही, हिमतीत आपली पोरं तसूभर कमी नाहीत. फरक यादीचा आहे. तिथं तो माणूस यादीत असतो. त्याला शिकवलेलं असतं, अंगावर धड कपडे असतात, विमा असतो. आपल्याकडं तो ‘ग्रामस्थ’ असतो.

आपल्याकडं हे असं का, त्याचं थोडं कारण कागदावरही सापडतं. ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आली, त्यात १८ विषय, सातवा विषय अग्निशमन सेवा. ग्रामपंचायतींसाठी अकरावी अनुसूची, २९ विषय. त्यात रस्ते आहेत, मत्स्यव्यवसाय आहे, ग्रंथालयं आहेत, बाजार-जत्रा आहेत. अग्निशमन सेवा नाही. आपलं गाव बारा हजारांचं, बाजारपेठ तालुक्याला लाजवेल अशी, तरी आपण ग्रामपंचायत. म्हणून बंब एकतीस किलोमीटरवर.

आता खाली कोणीतरी लिहिणारच, ‘सरकारनं गावाला गाडी द्यावी, पोरांना कशाला पुढं करता?’ मागणी बरोबर आहे, मीही सहीला तयार आहे. अग्निशमनासाठी केंद्रानं २०२३ मध्ये राज्यांकरता पाच हजार कोटींची योजना आणली. त्यातनं आपल्या भागाला काय आलं हे विचारायला आपले लोकप्रतिनिधी आहेतच, आणि मी विचारणार आहे. पण हिशेब करा. राज्यात २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती. प्रत्येक गावाला गाडी, तीन पाळ्यांची माणसं, डिझेल, पाण्याचा भरणा, हे कधी होणार? ग्रामीण भागात बंब वीस मिनिटांत पोचावा असा केंद्राच्या सल्लागार परिषदेचा दंडक आहे. उद्या गाडी बारा किलोमीटरवर आली तरी रात्री, ट्रॉल्यांच्या हंगामात, वीस मिनिटांत येईल? आणि आली तरी ती पहिली वीस मिनिटं कोणाची? गंज पेटायला तेवढी लागत नाहीत. ती वीस मिनिटं आपलीच राहणार. मग ती बादलीवर काढायची का, एवढाच प्रश्न आहे.

एक भीती मलाही आहे, लपवत नाही. पोरं फुकट काम करताहेत म्हटल्यावर वरचे हात झटकून मोकळे होतील. आपल्याकडं स्वयंसेवक म्हणजे बिनपगारी मजूर असा अर्थ निघायला वेळ लागत नाही. म्हणून अट एकच: विम्याशिवाय एकाही पोराचं नाव यादीत घालायचं नाही. ग्रामपंचायतीनं आपल्या निधीतनं हप्ता भरावा, ग्रामसभेत ठराव करून. गटाराच्या झाकणांवर गेल्या चार वर्षांत किती वेळा खर्च पडला ते सगळ्यांना माहीत आहे, तिथं पैसा निघतो तर इथंही निघेल.

केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना आहे, २०१६ ला सुरू झाली, नंतर साडेतीनशे जिल्ह्यांत नेली. आपल्या गावातला एक जण ते शिबिर करून आलाय. बुधवारी तो ओळीत होता. मी विचारलं तर म्हणाला, ‘दादा, पुराचं भरपूर शिकवलं, आगीचं थोडकं झालं.’ तरीही गावात शिकून आलेला तो एकटाच, आणि त्याला त्या रात्री कोणी विचारलं नाही, काय करायचं म्हणून. तोही बोलला नाही. पोरांत पुढं कोण, हे ठरलेलं नव्हतं. सगळे पुढं होते.

देशाचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्याच राज्यात आहे, नागपूरला. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा भरलेलं ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आपल्याकडं त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, सगळं गाव रस्त्यावर असतं. त्या सकाळी चौकात तासभर प्रात्यक्षिक ठेवलं तर अख्खं गाव बघेल. जयंती समितीच्या दोघांशी बोललो, ते तयार आहेत.

आणि काय लागणार आहे? मी माहितगारांशी बोलून बघितलं. टँकरवर एक डिझेल किंवा पेट्रोलचा इंजिन पंप, विजेवर न चालणारा. शंभर फूट पाईप आणि पुढं नोझल. गावच्या पाण्याच्या टाकीखाली टँकर थेट भरता येईल असा मोठा व्हॉल्व्ह. टाकी उंचावर आहे, वीज नसली तरी पाणी उताराने येतं. मंडळांच्या मिरवणुकीत जे जनरेटर असतात ते तीन फेजचे असतील तर विहिरीची मोटर चालू शकते का, हे वायरमनला तपासायला सांगितलंय. डीजेचा गावाला काही उपयोग झाला तर मी त्याच्याविरुद्ध लिहायचं बंद करीन. निदान एक वर्ष.

शिकवायचं तर दोन दिवसांत बरंच होतं. लाईन तोडल्याशिवाय पाणी मारायचं नाही. तेलाच्या आगीवर पाणी नाही. सिलिंडर असेल तर आधी माणसं लांब. धुरात वाकून जायचं, एकट्यानं कधीच नाही, बाहेर कोणीतरी मोजत उभं पाहिजे, आत किती गेले आणि बाहेर किती आले. आणि अंगात सुती कपडे. त्या रात्री आत कोण गेलंय हे पाच मिनिटं कोणालाच माहीत नव्हतं. म्हैस मोकळी बाहेर आली म्हणून कळलं.

काल दवाखान्यात गेलो होतो. पोरगा पालथा झोपलेला. पहिलं विचारलं, वासराचं काय झालं. मी गप्प बसलो. मग म्हणाला, ‘दादा, बातमीत नाव नका टाकू. आई पुढच्या वेळी जाऊ द्यायची नाही.’

रविवारी सकाळी दहाला ग्रामपंचायतीच्या मागच्या शाळेत बसायचं ठरलंय. भाषण नाही, हारतुरे नाहीत, फोटो मीही काढणार नाही. ट्रॅक्टरवाले, ब्लोअरवाले, वायरमन, मंडळांची पोरं, ज्यांना जमेल त्यांनी या. अठरा वर्षांच्या आतल्या कोणी येऊ नका. टँकरवाल्यांनी येताना मागच्या कॉकचं माप लिहून आणा, पंपाचा जोड त्यावरनंच घ्यायचा आहे.